खारातली कैरी आणि खाडीचा चिखल

गेल्या थंडीत आचऱ्याच्या बाजूच्या एका खाडीत पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीची चार मुलं गुडघाभर चिखलात उभी होती आणि मी काठावर त्यांच्या चपला सांभाळत बसले होते. ओहोटी पूर्ण लागली होती. खुब्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, पाटी घेऊन परतणारे एक काका थांबले, थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांच्यातल्या एकीला म्हणाले, "गो बाय, ह्या चिखलात काय गावतला तुमका? खुबे थय पल्याड असत."

"खुबे नको, काका. चिखलच होयो."

"चिखल? तो फुकट व्हर, होयो तितको."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी याच चिखलावर महाविद्यालयात चर्चासत्र झालं. पडद्यावर आलेख आले, आकड्यांपुढे अधिक-उण्याची चिन्हं आली, आणि 'सेडिमेंटरी ऑर्गॅनिक कार्बन स्टॉक' असं काहीतरी चारदा ऐकल्यावर माझ्या शेजारचे सरपंच चहाची चौकशी करायला जे गेले ते परतले नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. पण विषय त्यांच्याच गावाचा होता. २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कांदळवनं, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची जंगलं, वाढवण्यासाठी 'मिष्टी' नावाची योजना जाहीर झाली, पाच वर्षांत नऊ राज्यं आणि चार केंद्रशासित प्रदेशांत मिळून ५४० चौरस किलोमीटरचं लक्ष्य ठेवलं गेलं, आणि तेव्हापासून 'ब्लू कार्बन', 'कार्बन क्रेडिट' हे शब्द ग्रामसभेच्या दारापर्यंत पोचले आहेत. त्या दिवशी पडद्यावर जे होतं, ते साध्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

निळा कशासाठी?

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यातल्या कार्बनपासून पान, खोड, मूळ बांधतं. वाळलेल्या लाकडाचं वजन केलं तर त्यात ढोबळमानाने निम्मा कार्बन असतो. इथवर शाळेतलं. पुढचा प्रश्न असा की पान गळल्यावर त्या कार्बनचं काय होतं.

आपल्या परड्यातला पातेरा आठवा. भाजावळीला किंवा कलमांच्या आळ्यात वापरून उरलेला पातेरा दोन पावसाळ्यांत दिसेनासा होतो. वाळवी, बुरशी, जिवाणू त्याला खातात, आणि पानातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. डोंगरावरचं जंगल कार्बन साठवतं ते मुख्यतः उभ्या झाडांत. झाड पडलं, जळलं, की साठा मोकळा.

खाडीकाठच्या कांदळवनात, समुद्रगवतात आणि खाऱ्या दलदलीत मात्र बराचसा साठा जमिनीखाली जातो आणि तिथेच राहतो. समुद्राशी बांधलेल्या या साठ्याला २००९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालापासून 'नील कार्बन' म्हणू लागले. रंगाशी त्याचा संबंध नाही. प्रत्यक्षात तो काळाकुट्ट असतो आणि कपड्याला लागला तर जात नाही.

या विषयाला जोर आला तो २०११ साली. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या पट्ट्यातली २५ कांदळवनं मोजून संशोधकांनी दाखवलं की तिथे हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आहे, आणि जागेनुसार त्यातला ४९ ते ९८ टक्के वाटा मातीत आहे. तो सरासरी आकडा आपल्या खाडीला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. आपल्याकडची कांदळवनं बऱ्याच ठिकाणी काठालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात आहेत, खाली कुठे खोल चिखल, कुठे हातभरावर कातळ. म्हणूनच ती चार मुलं चिखलात उतरली होती.

चिखलात गेलेलं पान कुजत का नाही?

आजीच्या माळ्यावर खारातल्या कैऱ्यांची बरणी असायची. कडक मिठाचं पाणी, त्यात अख्ख्या कैऱ्या, वर एक स्वच्छ धुतलेला दगड. दगड एवढ्यासाठी, की एकही कैरी पाण्याबाहेर डोकावता कामा नये. एखादी वर आली, की तिच्यावर पांढरी बुरशी धरलीच. आत बुडालेल्या कैऱ्या पुढच्या शिमग्यापर्यंत ठणठणीत.

कांदळवनाचा चिखल ही तशी एक प्रचंड बरणी आहे. दिवसातून दोनदा भरती येते, चिखलाचे बारीक कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. त्यामुळे वरच्या काही मिलिमीटरांतच प्राणवायू संपतो. पानं, फांद्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जागच्या जागी मेलेली बारीक मुळं, या बिनहवेच्या थरात अडकतात.

तुलना इथे जरा लंगडी पडते, ते सांगायला हवं. बरणीत कुजणं जवळजवळ थांबतं; चिखलात ते थांबत नाही, संथ होतं. प्राणवायू नसेल तर काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून गुजराण करतात. ते काम रेंगाळत चालतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. ओहोटीला खाडीवर कुजक्या अंड्यांचा वास येतो तो हाच. पर्यटक नाकाला रुमाल लावून 'किती घाण केलीय' म्हणतात. गावाचं सांडपाणी सुटलेलं नसेल तर तो वास बरणीचं झाकण घट्ट असल्याची खूण आहे. आपल्या तांबड्या मातीतून वाहून आलेलं लोखंड त्या वायूशी संयोग पावतं आणि चिखलाला काळा रंग चढतो.

झाडालाही मुळांशी हवा लागतेच. म्हणून तिवराची मुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर डोकं काढतात, चिपीची जाड खुंटासारखी, आणि कांदळ तर कमानींवर उभा असतो. चिखलात हवा नाही याचा याहून ढळढळीत पुरावा कुठला हवा?

चिखल तोलतात कसा

अवजार फार थोर नसतं. पोलादी नळी उभी अर्धी कापल्यासारखं एक पातं, वर आडवी मूठ. ते सरळ खाली दाबायचं, अर्धा वळसा द्यायचा, आणि वर खेचायचं. हे शेवटचं काम दोघांचं. चिखल सहजी सोडत नाही, आणि सोडतो तेव्हा ओढणारा मागच्या मागे बसतो. त्या दिवशी दोनदा असं झालं.

बाहेर आलेला चिखलाचा दांडा मी जवळून पाहिला. वर बोटभर तपकिरी, मग राखाडी, मग काळा. हातभर खाली एका मुळाची लाल-तपकिरी दोरी, अजून ओली, कालच तुटल्यासारखी. तिच्याखाली शिंपल्याचा तुकडा. मुलीने सुरीने पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे केले, प्रत्येक पिशवीवर खोली लिहिली, आणि सगळ्या पिशव्या बर्फाच्या पेटीत टाकल्या. बर्फ एवढ्यासाठी, की बाहेर आल्यावर चिखलाला हवा लागते आणि इतकी वर्षं लांबलेलं कुजणं सुरू होतं.

प्रयोगशाळेत तुकडा सौम्य उष्णतेवर वाळवतात आणि तोलतात. आकारमान माहीत असतं, त्यामुळे एका घनमीटरात कोरडी माती किती ते निघतं. मग कुटून, मुशीत घालून, ४५० ते ५५० अंशांच्या भट्टीत काही तास. जे जळण्यासारखं आहे ते जळून जातं. आधीचं वजन वजा नंतरचं वजन म्हणजे सेंद्रिय भाग, आणि त्यातला ठरावीक हिस्सा कार्बन. शिंपल्यांमधला कार्बन हे वेगळं खातं असल्याने तो आधी बाजूला काढावा लागतो.

मला मुशीतून बाहेर निघालेलं पाहून धक्का बसला. काळा चिखल आत गेला होता, बाहेर आली होती विटकरी-तांबडी भुकटी. काळेपण जळून गेलं आणि खाली राहिली आपली ओळखीची जांभ्याची माती. सह्याद्रीवरून वाहत आलेली, खाडीत येऊन काळी झालेली.

ठेव किती आणि व्याज किती

आता हिशोब. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, कुठल्या एका खाडीचे नव्हेत. समजा एक हेक्टर कांदळवन, चिखल एक मीटर खोल धरला. झाले दहा हजार घनमीटर. दर घनमीटरात ०.८ टन कोरडी माती धरली तर आठ हजार टन. त्यात तीन टक्के कार्बन असेल, तर २४० टन.

कार्बन हवेत जातो तो प्राणवायूशी जोडी करून, आणि त्या जोडीचं वजन कार्बनच्या ३.६७ पट भरतं. म्हणजे हा सगळा साठा मोकळा झाला तर ८८० टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो निघतो. तर हा एक हेक्टर चिखल म्हणजे सव्वातीन लाख लिटर डिझेल.

ही झाली ठेव. व्याज किती? जगभरच्या मोजमापांत कांदळवनाच्या चिखलात दरवर्षी हेक्टरी सुमारे दीड ते दोन टन कार्बन नव्याने गाडला जातो. दीड धरला तर साडेपाच टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दोन हजार लिटर डिझेलच्या आसपास. मासेमारीच्या हंगामात दोन हजार लिटर डिझेल किती दिवस पुरतं, ते कुठल्याही तांडेलाला विचारा.

चर्चासत्रात दीड तासात सांगितलेल्या सगळ्या गोष्टींचा गाभा मला या दोन आकड्यांत दिसला. नवं वन लावून वर्षाला मिळणारं व्याज बेताचं आहे. जुन्या चिखलात पडून असलेली ठेव दीडशे वर्षांच्या व्याजाएवढी आहे. रस्त्याच्या भरावासाठी एक जुना हेक्टर खणला, आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडे एक हेक्टर लावला, तर कागदावर बरोबरी होते. चिखलात होत नाही.

"एवढा जुना आहे हे कशावरून?"

हा प्रश्न सभागृहात मागच्या रांगेतून आला, आणि चांगला होता. चिखलावर तारीख छापलेली नसते.

मासळीची पेटी बंदरावर आली की जाणकार बाई बर्फाकडे आधी बघते. सकाळी किती घातला होता ते तिला ठाऊक असतं, आता किती उरलाय ते दिसतं, आणि त्यावरून पेटी कधी भरली ते ती सांगते. चिखलातला बर्फ म्हणजे एका जातीचं शिसं, 'लेड-२१०'. खडकांमधून रेडॉन वायू सतत हवेत झिरपतो, त्याचं रूपांतर होत होत हे शिसं बनतं, आणि पावसाबरोबर खाली येऊन चिखलाच्या कणांना चिकटतं. दर बावीस वर्षांनी त्यातलं निम्मं उरतं. वरच्या थरात किती आहे आणि खालच्या थरात किती उरलंय हे मोजलं की मधली वर्षं निघतात. शे-सव्वाशे वर्षांपलीकडे उरतं इतकं कमी, की मोजता येत नाही. तिथून पुढे कार्बन-१४ कामाला येतो, तो निम्मा व्हायला ५,७३० वर्षं घेतो.

आणखी एक खूण आहे, जरा भीषण. विसाव्या शतकाच्या मध्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत होत. त्यातून उडालेलं सिझियम जगभर पडलं, सर्वांत जास्त १९६३च्या सुमारास. त्या वर्षीचा थर जगात कुठल्याही शांत चिखलात सापडू शकतो.

वय कळलं की वेग कळतो. समजा वीस सेंटिमीटर खोलीवरचा थर पन्नास वर्षांचा निघाला, तर चिखल वर्षाला चार मिलिमीटरने चढतो आहे. या आकड्याकडे संशोधक डोळ्यांत तेल घालून बघतात, कारण २००६ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. चिखल समुद्राच्या बरोबरीने चढत राहिला तर कांदळवन टिकेल. मागे पडला तर झाडं बुडतील. आणि चिखल चढतो तो नदीने आणलेल्या गाळावर. धरणात गाळ अडला, खाडीत सक्शन पंप लावून वाळू उपसली, की त्या चढण्याच्या मुळावरच घाव बसतो.

"तीन ठिकाणचा चिखल काढून अख्ख्या खाडीचं सांगता?"

आंब्याच्या पेटीचा वरचा थर पाहून पेटी घेणारा माणूस एकदाच फसतो. खाली काय भरलंय ते बघायला मधूनच हात घालावा लागतो. खाडीचंही तसंच. मुखापाशी वाळू जास्त, आत चिखल जास्त; पाण्याच्या कडेला एक तऱ्हा, जमिनीच्या बाजूला, जिथे फक्त उधाणाचं (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं) पाणी पोचतं आणि भांगाचं (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचं) पोचत नाही, तिथे दुसरी. म्हणून पाण्याकडून जमिनीकडे सरळ रेघ धरून ठरावीक अंतरावर नमुने घेतात, आणि अशा रेघा मुखापासून आतपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी आखतात.

तरी आकडे जुळत नाहीतच. पडद्यावरचं ते अधिक-उण्याचं चिन्ह याचंच. "२४० अधिक-उणे ६०" याचा अर्थ, खरा आकडा १८० ते ३०० च्या दरम्यान असावा असं आम्हाला वाटतं. लोकांना ते चिन्ह म्हणजे कच्चेपणा वाटतो. मला उलट वाटतं. हापूसची चव ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा 'दोन चाखले, बाकीचं देव जाणे' म्हणणारा व्यापारी मी पसंत करीन. ज्या अहवालात चिन्हच नाही, तो कोणी लिहिलाय ते बघावं.

विद्यापीठातल्या या कामाची एक अडचण मात्र खरी आहे. एमएस्सीचा प्रबंध काही महिन्यांत संपवायचा असतो. त्यामुळे बहुतेक नमुने थंडी-उन्हाळ्यातले. भर पावसाळ्यात, नदी लालभडक होऊन खाडीत उतरते तेव्हा, चिखलात उतरणारे थोडे. आणि गाळ तर तेव्हाच येतो.

"दलदलीतून मिथेन निघतो, त्याचं काय?"

निघतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. पण मिथेन बनवणारे जंतू आणि वर सांगितलेले सल्फेटवाले जिवाणू एकाच ताटात जेवतात, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेटवाल्यांची सरशी होते. पाणी पुरेसं खारट असेल तर मिथेन नगण्य. खाडी जिथे गोडी होत जाते तिथे, आणि सांडपाणी सोडलेल्या ठिकाणी, हा दिलासा लागू नाही. तिथे मोजावंच लागतं.

"मग झाडं लावली की झालं!"

पर्यावरणदिनाला कांदळ लावणं सोपं असतं. त्याची शेंग झाडावरच रुजते, हातभर लांब होते, ती नुसती चिखलात खोचायची. फोटो छान येतो. पण बऱ्याचदा ती खोचली जाते उघड्या चिखलवाटेवर, कारण तिथे मोकळी जागा असते. ती मोकळी का आहे, याचा विचार होत नाही. भरतीचं पाणी तिथे फार वेळ उभं राहतं म्हणून झाडं स्वतःहून तिथे आलेली नसतात. लावलेली बहुधा मरतात, आणि जगली तर बायकांची खुबे-तिसऱ्या वेचायची जागा जाते.

जिथे वन पूर्वी होतं आणि भरावामुळे पाण्याची वाट बुजली, तिथे वाट मोकळी केली की अनेकदा बिया आपोआप येऊन रुजतात. त्यात लावण्याचा कार्यक्रम नसतो, पाहुणे नसतात, म्हणून ते कमी होतं. आणि जात कोणती हेही बघायला हवं. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. चिपी, तिवर, कांदळ, झुंबर या प्रत्येकाची भरतीच्या रेषेवरची पायरी ठरलेली आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत होडीतून कांदळवनाची सफर घडवणाऱ्या बचतगटाच्या बायकांबरोबर एकदा फिरा. कुठली जात कुठल्या पाण्यात, हे त्या वल्ही मारता मारता सांगतात.

"आमची भातशेती गेली त्याचं काय?"

ही हरकत मला सर्वांत वजनदार वाटते, आणि चर्चासत्रांत तिला पाच मिनिटं मिळतात.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या कडेला मातीचा बांध घालून, उघाडीने पाणी राखून, खाऱ्या जमिनीत भात पिकवला गेला. कुठे तिला खारजमीन म्हणतात, कुठे खाजण. भरतीला उघाडीची झडप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पेण-अलिबागचा सगळा खारेपाट याच बांधांवर उभा आहे. १९३३ ते १९३९ चाललेला चरीचा शेतकऱ्यांचा संप याच पट्ट्यातला. १९४८ मध्ये मुंबई प्रांताने खारजमिनींसाठी कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे, आणि खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती तिथल्याच. काळा रता, बुरा रता हे त्याआधीचे, शेतकऱ्यांनी सांभाळलेले.

आता असं होतं. बांधाला खांड पडते. दुरुस्ती लांबते. दर भरतीला खारं पाणी शेतात शिरतं, भात संपतो, आणि पाण्याबरोबर आलेल्या बिया रुजून काही वर्षांत तिवराचं रान उभं राहतं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, मालकी कोणाचीही असो, आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. सप्टेंबर २०१८च्या निकालाने ते पक्कं केलं. २०१२ पासून राज्यात कांदळवन कक्षही आहे. या सगळ्यामुळे बिल्डरांचे भराव अडले, हे खरंच. पण सातबारा ज्याच्या नावावर आहे त्या शेतकऱ्यालाही आपल्याच शेतातलं रान आता काढता येत नाही.

विज्ञान इथे काय सांगतं? चिखलाच्या नजरेने पाहिलं तर बांध घालून जमीन कोरडी करणं म्हणजे बरणीतून कैरी वर काढणं. हवा लागली की साठा झिजू लागतो. पाणी परत आलं की नव्याने साठू लागतो. म्हणजे खांड पडलेलं शेत कार्बनच्या हिशोबात जमेच्या बाजूला जातं. पण ज्याच्या घरचं भात गेलं त्याला ही जमा दाखवणं, आणि तीही दुसऱ्याच्या वहीत, हा उर्मटपणा आहे. जिथे चालू शेती आहे तिथे बांध राखणं आणि जिथे वीस वर्षांचं रान झालंय तिथे मालकाला मोबदला देणं, हे दोन्ही एकाच वेळी करता येतं. चिखलाचा आकडा ते ठरवत नाही. ते मंत्रालयात ठरतं.

"आणि पैसे कोणाला?"

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून वाचवल्याची किंवा हवेतून काढल्याची पावती. विकत घेणारा आपल्या धुराच्या हिशोबात ती मांडतो. आपल्या देशातही क्रेडिटच्या व्यापाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली.

पावतीला मुख्य अट अशी: तुम्ही काही केलं नसतं तर हे घडलंच नसतं, हे दाखवावं लागतं. आणि इथेच आपल्याकडची गंमत आहे. जुनं कांदळवन तोडायला कायद्यानेच बंदी आहे. मग 'आम्ही ते तोडलं नाही' याची पावती कशी फाडणार? म्हणजे ती सव्वातीन लाख लिटर डिझेलची ठेव, जी खरी मौल्यवान, ती सहसा विकता येत नाही. विकता येतं ते नव्याने उभ्या केलेल्या वनाचं वर्षाचं व्याज. त्यात डोंगरावरून वाहत आलेल्या पानांचा कार्बन असेल तर तोही वजा होऊ शकतो, कारण तो इथे तयार झालेला नाही.

हे जमलंच नाही असं नाही. केनियातल्या गाझी उपसागरात 'मिकोको पामोजा' नावाचा गावकऱ्यांचा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. ११७ हेक्टर कांदळवन, वर्षाला सुमारे तीन हजार टनांची पावती, आणि त्या पैशांतून गावाचं पाणी आणि शाळा. पण मोजणी, तपासणी, नोंदणी यांचा खर्च आधी येतो, पावती नंतर. पाच-दहा हेक्टरच्या एकट्या गावाला तो झेपत नाही, म्हणून मध्ये कोणीतरी अनेक गावं एकत्र बांधणारा लागतो. तो करारनामा घेऊन आला तर जमीन नेमकी कोणाच्या नावावर धरली आहे, करार किती दशकांचा आहे, मधल्या काळात खुबे-कुर्ल्यांसाठी जायला बंदी आहे का, आणि वादळात वन आडवं झालं तर भरपाई कोण देणार, एवढं मराठीत लिहून घ्यावं. इंग्रजी मसुद्याच्या तळाशी सही ठोकू नये.

चैत्रात ती मुलगी आपले आकडे घेऊन पुन्हा त्या खाडीवर गेली, मीही गेले. काका बांधावर जाळं विणत होते. तिने ठेव-व्याज सगळं समजावलं, चांगलं समजावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मगे माका किती गावतले?"

"ह्या जुन्या चिखलाचे काय नाय, काका."

"म्हणजे फुकटच रवलो." त्यांनी सुई गाठीतून काढली. "ता रवांदे. उघाडीची झडप तीन वर्सां मोडलेली आसा. ती कधी बसवतत, ता इचार कोणाक तरी."

तिने वहीत खोलीच्या आकड्यांखाली ते लिहून घेतलं.